कोरडा खड्डा

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास खड्डा कोरडा निघाला. कोरडा म्हणजे अगदी ठणठणीत. कमरेइतकं खणून झाल्यावर मजुरांनी फावडी बाजूला ठेवली, मुकादम खाली उतरला, त्याने मूठभर माती उचलली आणि बोटांच्या फटीतून सोडून दिली. ती पिठासारखी भुरभुर पडली. खाली एक जुना बिडाचा पाइप होता, गंजलेला, दोन्ही तोंडं सिमेंटने बुजवलेला. चाळीसेक वर्षांपूर्वी नवी लाइन टाकली तेव्हा तो तसाच पुरून टाकलेला असणार. नकाशात त्याचा पत्ताही नव्हता. त्यात पाणी असण्याचा प्रश्नच नव्हता. "कानसेन," मुकादम खालूनच म्हणाला, "इथे तर उंदीरसुद्धा तहानेनं मरेल हो." मजूर हसले. कानसेन हसला नाही. रविवारी त्याने स्वतःच्या हाताने डांबरावर काढलेली पांढरी फुली अर्धी तुटून खड्ड्याच्या कडेला उरली होती आणि तो तिच्याकडेच बघत होता. "अजून थोडं खोल जाऊ या का?" त्याने विचारलं. मुकादमाने वर पाहिलं. एकतीस वर्षांत कानसेनने असं कधी विचारलं नव्हतं. फुली असली की खाली पाणी असायचं आणि पाणी लागलं की खणणं थांबायचं, इतका सरळ तो व्यवहार होता. "खोल म्हणजे कुठवर?" मुकादम म्हणाला, "पृथ्वीच्या पलीकडून बाहेर पडायचंय का आपल्याला?"

शहराच्या पाणीपुरवठा खात्यात गळती शोधणारी माणसं पूर्वी नऊ होती, आता तो एकटा उरला होता. त्याचं हत्यार म्हणजे छातीइतकी उंच लोखंडी दांडी, वरच्या टोकाला लाकडी वाटी. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. जमिनीखाली कुठे पाइप फुटला असेल तर सूंऽऽ असा बारीक आवाज येतो. नवख्याला तो पंख्यासारखा वाटतो, मोटारीसारखा वाटतो, कधी स्वतःच्याच रक्तासारखा वाटतो. त्याच्या उस्तादाने त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की गळती श्वास घेत नाही. बाकी सगळं श्वास घेतं, पंप घेतो, गटार घेतं, लिफ्ट घेते; जो आवाज एकदाही दम खात नाही तो पाण्याचा. एवढ्या एका वाक्यावर त्याने नोकरी काढली होती, घर उभं केलं होतं, लेकीला शिकवलं होतं. एकतीस वर्षांत त्याचे सहा खड्डे कोरडे गेले होते आणि ते सहाही त्याला तारखेसकट पाठ होते. एकदा छापखान्याच्या यंत्राने फसवलं, एकदा तळघरातल्या बर्फाच्या पेटीने, असं प्रत्येकाचं काहीतरी कारण सापडलं होतं. हा सातवा मात्र त्या सहांच्या पंगतीत बसणारा नव्हता. कारण रविवारी फुली मारताना तो आवाज गळतीचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात म्हणून त्याची फेरी नेहमी रविवारीच असे. त्या दिवशी औषधाच्या बंद दुकानासमोर त्याने सवयीने दांडी टेकवली, कान लावला, आणि खालून काहीतरी हळूच वाजलं. टक. मग जरा थांबून, टक टक. कोणी नखाने बशीच्या काठावर वाजवावं तसं. त्याने मनातल्या मनात यादी फिरवली. मीटर नाही, मीटरची लय ठरलेली असते. तापलेलं लोखंड आकसताना वाजतं, पण ऊन अजून वरच्या मजल्यांवरच होतं. ह्या टकटकीत एक संकोच होता. त्याने उभं राहण्याचा पाय बदलला आणि आवाज थांबला. हा योगायोग असेल म्हणून तो निश्चल उभा राहिला. बऱ्याच वेळाने पुन्हा, टक. त्याने मुद्दाम टाच हलवली. थांबलं. तो थिजला. सुरू झालं. असं त्याने किती वेळा केलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. समोरच्या इमारतीवरचं ऊन तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर उतरलं एवढं खरं. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला तो मात्र त्या टकटकीने आला नाही. तो आला मधल्या शांततेने. फोनवर पलीकडचं माणूस काही बोलत नसलं तरी त्याने फोन ठेवलाय की कानाला धरलाय हे आपल्याला कळतं. कसं कळतं ते सांगता येत नाही, पण कळतं. त्या खालच्या शांततेने कान लावला होता. तो जसा वरून ऐकत होता तसंच खालून, किंवा पलीकडून, किंवा जिथून कुठून असेल तिथून, कोणीतरी श्वास रोखून त्याला ऐकत होतं. एकतीस वर्षं तो जगाला कान लावून हिंडला होता, आणि जगाने त्याला कान लावण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने पिशवीतून रंगाचा डबा काढला आणि फुली मारली. त्याच्याजवळ सांगायला फुलीशिवाय दुसरं काही नव्हतंच.

बुधवारी दुपारी साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब म्हणजे खात्यातले नवे इंजिनियर, त्याच्या लेकीपेक्षा चार वर्षांनी लहान, टेबलावर स्वतःच्या लहान मुलाचा फोटो ठेवणारे, स्वभावाने सज्जन. "बसा काका," ते म्हणाले, आणि एक छापील कागद पुढे सरकवला. कोरड्या खड्ड्याचा कागद. त्यात शेवटी एकच रकाना महत्त्वाचा, कारण. "काका, इथे 'ऐकण्यात चूक झाली' एवढं लिहा आणि सही करा. पाच-सहा वर्षांत एखादा खड्डा कोरडा गेला तर कोणी तुमचं नावही घेणार नाही. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय, शांतपणे जाऊ द्या." त्याने विचारलं, "आणि चूक झाली नसली तर?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आवाज आला होता, पण कशाचा ते सापडलं नाही, असं लिहिणार? मग नियम असा आहे, की कान पुन्हा तपासायला पाठवावं लागतं. आणि रिपोर्ट येईपर्यंत दांडी जमा. तुम्ही शुक्रवारपर्यंत विचार करा ना, माझी काही घाई नाही."

कान तपासण्याची ही पहिली वेळ नव्हती. दोन वर्षांपूर्वी खात्याने सगळ्यांची तपासणी केली होती. काचेच्या खोलीत बसवून डोक्यावर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. सुरुवातीला आवाज येत होते, मग येईनासे झाले, आणि तरी काचेपलीकडची मुलगी काहीतरी फिरवतच होती. प्रत्येक वेळी फिरवताना तिचा उजवा खांदा इवलासा वर जायचा. तो खांदा बघून त्याने बटण दाबलं होतं. उत्तम पास झाला होता. वर त्या मुलीने "ह्या वयात असे कान!" म्हणून कौतुकही केलं होतं, आणि त्याने ते निर्लज्जासारखं घेतलं होतं. पण जाता जाता दुसऱ्या कोणाला तरी ती जे सांगत होती ते त्याच्या मनात रुतून बसलं होतं, की कान जायला लागले म्हणजे कधी कधी स्वतःच आवाज काढतात. घंटी वाजते, टकटक होते. जे नाही तेच ऐकू येतं. आता त्याला वाटलं, पलीकडे कोणी नसेलच. मीच असेन. माझे मरत चाललेले कान माझ्याशीच खेळत असतील. आणि मी मात्र मूर्खासारखा त्यांना पाहुणे समजून डोळे पुसत बसलो.

घरी बायको मोठ्याने बोलत होती. दोनेक वर्षांत ती एकूणच चढ्या आवाजात बोलायला लागली होती आणि वयाबरोबर ती चिडचिडी झालीये अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. त्या संध्याकाळी शेजारीण काही मागायला आली आणि बायको तिच्याशी दारात बोलत उभी राहिली. त्याला दिसत होतं, तिचे ओठ हलत होते, शेजारीण मान डोलवत होती, आणि त्याच्यापर्यंत एक अक्षर पोचत नव्हतं. दार लावून ती वळली आणि त्याच्याकडे बघत तिने खणखणीत विचारलं, "चहा टाकू का?" तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती चिडचिडी झालेली नव्हती. तिने न बोलता, न सुचवता, रोज थोडा थोडा आवाज वाढवत नेला होता, जणू दिव्याची वात वर करावी. त्याला लाज वाटली आणि लगेच तिच्याबद्दल इतकं भरून आलं की त्याने नको असतानाही चहा घेतला.

गुरुवारी लेक आली. घरात तिला अजून चिमणी म्हणत, आणि ती चौतिसाव्या वर्षीही त्या हाकेला ओ देई. तिचं काम दूर डोंगरात, उघड्या माळावर मांडलेल्या प्रचंड तव्यांपाशी. ते तवे आभाळाकडे तोंड करून दिवसरात्र ऐकतात, कुठल्या ताऱ्याजवळ कोणी आहे का, कोणी काही म्हणतंय का. नातेवाइकांना हे समजावताना बायकोची तारांबळ उडायची, म्हणून तिने "हवामानखात्यात आहे" असं सोपं करून टाकलं होतं. त्याला मात्र कधीच अवघड वाटलं नाही. चिमणी सहा वर्षांची असताना त्याने तिला रस्त्यावर नेऊन दांडीला कान लावायला दिला होता. तिने बराच वेळ ऐकून "खाली कोणीतरी झोपलंय" असं सांगितलं होतं. त्याच आठवड्यात तापाने फणफणलेली असताना तिने विचारलं होतं, बाबा, वर आभाळात पण कोणी राहतं का, आणि ते आपल्याकडे आले तर? तो म्हणाला होता, "आले तर आधी पाणी विचारायचं." तिने तापातसुद्धा विचार करून विचारलं होतं, "त्यांना पाणी चालतं का?" त्या प्रश्नाचं उत्तर त्याला आजही येत नव्हतं. आणि आपली लेक आयुष्यभर त्याच प्रश्नाच्या मागे गेली, आपल्या एका फुटकळ उत्तराने तिला त्या डोंगरावर नेऊन बसवलं, हे आठवलं की त्याला स्वतःच्या शब्दांची भीती वाटायची.

जेवण झाल्यावर त्याने तिला सांगितलं. टकटक सांगितली, फुली सांगितली, काचेपलीकडचा खांदासुद्धा सांगितला. पाय हलवला की थांबायचं, तेवढं एक सांगितलं नाही. ते तोंडाबाहेर काढलं तर वेडाचं वाटलं असतं. ते त्याने मुठीत ठेवलं. चिमणी हसली नाही. तिने टेबलावर सांडलेले कण बोटाने गोळा केले. "आमचे तर सगळेच खड्डे कोरडे, बाबा," ती म्हणाली. "एकदा नऊ दिवस आम्ही झोपलो नव्हतो. ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणाहून काहीतरी यायचं. शेवटी निघालं काय, तर आमच्याच वॉचमनच्या गेटची मोटर." बायकोने आतून ओरडून विचारलं, "मग तो बिचारा वॉचमन राहिला ना कामावर?" "राहिला गं आई," चिमणी म्हणाली, आणि मग तिचा आवाज उतरला. त्याला पुढे वाकावं लागलं. "पण एकदा वेगळं आलं होतं. चाळीस सेकंद. मी एकटी होते. गेट नाही, विमान नाही, काही नाही. आणि बाबा, ते... ते कोणाचं तरी होतं. मला काय म्हणायचंय कळतंय ना?" "कळतंय." "आमचे सर म्हणाले, पुन्हा येईल तेव्हा बघू, आत्ता 'खरखर' लिही. मी लिहिलं. पुन्हा काही आलं नाही. चार वर्षं झाली. मी खोटं नाही लिहिलं, खरखर तर होतीच त्यात. पण रोज सकाळी कॉफी घेताना मला वाटतं, कोणीतरी एवढ्या लांबून दारापर्यंत आलं आणि मी आतून 'घरी कोणी नाही' म्हणून सांगितलं."

ती पुढे सांगत राहिली, की सगळ्यात जवळच्या ताऱ्याला हाक मारली तरी ओ यायला आठ-नऊ वर्षं लागतात. आणि तो शेजारी झाला. बाकीच्यांना मारली तर नातवंडांच्या नातवंडांना ओ ऐकू येणार. ते प्रत्यक्ष इथे येतील का, हे तर विचारायलाही धीर होत नाही. "आणि गंमत म्हणजे बाबा, आम्ही नुसतं ऐकतो. बोलत नाही. बोलावं की नाही ह्यावर मोठमोठी भांडणं आहेत. कधी वाटतं तेही तसेच असतील. सगळेच कान लावून बसलेत. आख्खं आभाळ." आतून बायको म्हणाली, "येणार असतील तर आधी कळवून या म्हणावं, घर आवरावं लागेल." दोघं हसली. पण त्याच्या मनात ते आख्खं आभाळ जाऊन बसलं. माणसांनी अंधारात एकमेकांना चाचपडावं तसं इतक्या मोठ्या पोकळीत इतके कान, एकमेकांच्या शांततेला कान लावून, पाय न हलवता उभे. त्याला आपलं स्वयंपाकघर, त्यातला पिवळा दिवा, भांडी पुसणारी बायको हे सगळं फार इवलं वाटलं, आणि तरी, का कोण जाणे, क्षुद्र वाटलं नाही. उलट पलीकडच्याला ऐकावंसं वाटेल असं ह्यात काहीतरी आहे असंच वाटलं.

शुक्रवारी त्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आवाज होता. गळतीचा नव्हता. कशाचा ते कळलं नाही.' अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "काका, तुम्हाला कळतंय ना ह्याचं काय होणार?" "कळतंय साहेब. दोन वर्षांपूर्वी मी फसवून पास झालो होतो. ह्या वेळी नाही व्हायचो." साहेबांनी टेबलावरचा मुलाचा फोटो उगाच सरळ केला. "सोमवारी दांडी जमा करा," ते शेवटी म्हणाले, आणि तो उठल्यावर तेही उठून उभे राहिले. दांडी गेली म्हणजे गोदामात बसून नळांचे सुटे भाग मोजायचे. पण त्याहून वाईट हे होतं, की आता त्याला कधीच कळणार नव्हतं. पलीकडे कोणी होतं, का आपलेच कान? ज्या कानांना विचारायचं तेच साक्षीला उभे राहायच्या लायकीचे उरले नव्हते.

रविवारी सकाळी त्याने दांडी उचलली आणि बायकोला म्हणाला, "चप्पल घाल." "मी? कशाला?" "तू कधी ऐकलं नाहीस ना." पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्या दांडीवर ओले कपडे वाळत घातले होते, तिच्या टोकाने जळमटं काढली होती, पण कान कधी लावला नव्हता. कुरकुरत ती निघाली. चिमणी अजून झोपलेली होती. रस्ता रिकामा होता. औषधाच्या दुकानासमोर खड्डा बुजवून वर नवं काळंभोर डांबर टाकलेलं होतं, ठिगळासारखं. त्याने दांडी टेकवली, वाटी कशी धरायची ते दाखवलं आणि मागे सरकला. "काय ऐकू यायला पाहिजे?" तिने तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. हे खरंच होतं, आणि जे माहीत होतं ते त्याने मुठीतच ठेवलं होतं.

तिने कान लावला. काही वेळ तिच्या चेहऱ्यावर नुसता बाजारात रांगेत उभं राहिल्याचा कंटाळा होता. ऊन समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. एक कबूतर डांबरावर उतरलं, इकडेतिकडे बघून उडून गेलं. मग तिच्या कपाळावरची आठी हळूहळू पुसली गेली. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं. चिमणी झाली तेव्हा, पहिल्यांदा कुशीत दिली तेव्हा, तिचा चेहरा असा झाला होता. त्यानंतर त्याने तो पाहिला नव्हता. त्याला उभं राहवेना. काय होतंय, काय ऐकतेयस, विचारायला तो एक पाऊल पुढे आला, आणि तिने झटकन तळवा वर केला. तो थांबला. तिने डोळे उघडले, त्याच्या चपलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी अगदी हळू, नुसत्या श्वासात बोलली. त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण पस्तीस वर्षं जे ओठ बघितले ते वाचायला कान लागत नाहीत.

"हलू नका ना," ती म्हणत होती. "तुम्ही पाय हलवलात की ते थांबतं."

तो हलला नाही. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून तसेच राहू दिले, आणि ऊन दुसऱ्या मजल्यावर उतरेपर्यंत तो तिच्या चेहऱ्याकडे बघत तिथेच उभा राहिला.